मावळ्याच्या उंचीवरून

दिवाळी होऊन महिना उलटला, तरी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अजून किल्लेच आहेत. मावळे, गाड्या, भातुकली, बाहुली. बोटभर उंचीच्या वस्तू आणि त्यांचे फोटो न जमल्याची हळहळ. गेली बावीस वर्षं मी नौपाड्यातल्या घरी, खिडकीशेजारच्या एका टेबलावर दागिन्यांचे फोटो काढते. खेळण्यांचं काम त्याहून फार वेगळं नाही. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून हीच घेते.

प्रश्न : ताई, आमच्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आहेत. वडिलांनी तीस वर्षांत एकेक करून जमवलेले, एकूण बावीस. त्यातले सहा यंदा माळ्यावरून काढताना फुटले. उरलेल्यांचे तरी नीट फोटो काढून ठेवायचेत. फोनवर काढते, पण चेहरा काळा येतो, पगडी चकाकते आणि मागे आमचं गॅसचं सिलिंडर दिसतं. मॅक्रो लावून जवळ गेलं की फोनचीच सावली पडते. नवा कॅमेरा घ्यावा का? (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : कॅमेरा घेऊ नका. आधी स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करा.

चेहरा काळा येतो तो त्या ट्यूबमुळे. उजेड डोक्यावरून येतो, पगडीच्या घेरावर अडतो, आणि डोळे-मिशी सावलीत जातात. भर दुपारी बारा वाजता तलावपाळीवर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला तर त्याचंही हेच होतं. पगडीवरची चकाकी म्हणजे ऑइलपेंटात दिसणारं त्याच ट्यूबचं प्रतिबिंब. तेव्हा दोन्ही दुखणी एकाच दिव्याची आहेत.

मावळा खिडकीपाशी न्या, थेट ऊन येत नसेल अशा वेळी. खिडकी त्याच्या डाव्या अंगाला राहू द्या. खिडकी आणि मावळा यांच्यामध्ये ए-फोर आकाराचा ट्रेसिंग पेपर उभा करा, मावळ्यापासून वीतभर अंतरावर. दोन पुस्तकांच्या मध्ये कागदाची खालची कड दाबली की तो उभा राहतो. आता जरा मावळ्याच्या मापाने विचार करा. तो आठ सेंटिमीटर उंच असेल, तर कागद त्याच्या जवळजवळ चौपट उंच आहे. म्हणजे आपल्याशेजारी दोन मजली पांढरी भिंत उभी राहावी आणि ती सगळीच्या सगळी उजळलेली असावी, तसं. उजेड मऊ पडतो की कडक, हे दिव्याच्या किमतीवर ठरत नाही. वस्तूच्या मानाने दिवा केवढा आणि किती जवळ, यावर ठरतं. सूर्य एवढा प्रचंड, पण इतका लांब की आकाशात तो टिकलीएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली सुरीने कापल्यासारखी पडते. तुमचा दोन रुपयांचा कागद मावळ्याच्या दृष्टीने सूर्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

उजव्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा उभा करा, म्हणजे तिकडची सावली थोडी उघडेल. फार जवळ मात्र आणू नका. सावली पूर्ण मारली की मावळा कागदावर छापल्यासारखा सपाट दिसतो. गाल गोल आहे, छाती पुढे आहे, हे सावलीच सांगते. आणि एक पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद त्याच्या पायाशी, फोटोत येणार नाही इतका पुढे, आडवा ठेवा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून खालून वर जातो आणि थेट पगडीखाली, डोळ्यांत शिरतो. हा कागद ठेवून पाहा, मग उचलून पाहा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते, कारण चेहरा उघडतो तो क्षण एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की पुढचं फार समजवावं लागत नाही.

आता फोन. मॅक्रो मोड बंद करा. बऱ्याच फोनमध्ये तो अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर चालतो आणि वस्तूच्या अगदी तोंडाशी जावं लागतं, म्हणून सावली पडते आणि नाक मोठं, कान लहान दिसतात. त्याऐवजी फूटभर मागे या आणि दोन पट झूम करा. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला, टेबलाला लागून येईल. फोटोतला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. आपण खेळण्यांकडे कायम वरून पाहतो, म्हणून फोटोतही ती खेळणीच दिसतात. मावळ्याच्या डोळ्यांच्या रेषेत लेन्स आली की तो समोर उभा राहिलेला माणूस दिसतो. स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर बोट दाबून ठेवा, फोकस कुलूपबंद होईल. मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या.

सिलिंडरसाठी मावळ्याच्या मागे दीड-दोन फुटांवर फिकट निळसर-राखाडी कार्डपेपर लावा. कागद बिनचकाकीचा हवा, घोटीव नको. एवढ्या लांब असला की त्यावरच्या सुरकुत्या दिसत नाहीत, नुसतं आभाळ दिसतं.

जमीनही त्याच्याच मापाची करा. कुंडीतली माती तशीच पसरली तर प्रत्येक ढेकूळ मावळ्याला धोंड्याएवढं होतं. माती वाळवून चहाच्या गाळणीने चाळा. पायवाट हवी असेल तर रांगोळीत चिमूटभर गेरू मिसळा. किल्ल्यावर आपण हळीव पेरतो, त्याचे तीन सेंटिमीटरचे कोंब मावळ्याच्या कमरेला लागतात. ते झुडूप म्हणून छान दिसतात, गवत म्हणून नाही. गवतासाठी भिंतीवरचं शेवाळ खरवडून घ्या.

आता ते फुटलेले सहा. त्यांचेही फोटो काढा, आणि आधी काढा. माझ्याकडे वडिलांच्या वेळचा एक भालदार आहे. भाला कधीच गेला, नुसती मूठ उरली आहे, आणि त्या मुठीला एक आरपार भोक. मिशी म्हणजे काळ्या रंगाचा ब्रशचा एकच फटकारा, डावीकडे जाड आणि उजवीकडे संपत गेलेला. एकदा रात्री खोलीतले दिवे बंद करून मी त्याच्या पाठीवर टॉर्च अगदी तिरपा, पाठीला घासून जाईल असा धरला, आणि कमरेच्या वर अंगठ्याचा ठसा दिसला. रेषा न् रेषा. कुंभाराने साच्यातून काढून पाठ दाबली असेल तेव्हाचा. चाळीस वर्षं तो मावळा आमच्या घरात होता आणि समोरच्या उजेडात तो ठसा कुणालाच दिसला नव्हता. तुमच्या मावळ्यांच्या पाठी अशा बघा. फुटलेल्यांच्या आतल्या बाजूला तर ठसे सापडण्याची शक्यता जास्त, कारण तिथे रंग पोचलेला नसतो.

प्रश्न : मी बारावीत आहे. माझ्याकडे १:६४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या, ४० धातूच्या गाड्या आहेत. काकांनी त्यांचा एपीएस-सी कॅमेरा आणि १०० मिमी मॅक्रो लेन्स वापरायला दिली. समोरून तिरका फोटो घेतला की पुढचा दिवा शार्प आणि बाकी गाडी धूसर येते. अपर्चर एफ २२ केलं तर सगळीच गाडी थोडी मऊ दिसते. लेन्स खराब आहे का? आमचं घर स्टेशनजवळ आहे, त्याचा काही संबंध असेल का? (घणसोली)

उत्तर : लेन्स चांगली आहे, आणि स्टेशनचाही संबंध आहे. तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण तू एक गोष्ट बदलून पाहिलीस आणि काय झालं ते नीट लिहिलंस.

आधी थोडं गणित. अपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, आणि एफचा आकडा जितका मोठा तितकं ते बारीक. गाडी ७ सेंटिमीटर लांब. तुझ्या कॅमेऱ्यातला एपीएस-सी सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा तुकडा, साधारण २३.५ मिलिमीटर रुंद. गाडी बाजूने फ्रेमभर घेतलीस तर सेन्सरवर तिची प्रतिमा मूळ आकाराच्या एक तृतीयांश पडते. एवढ्या मोठेपणाला एफ ८ वर शार्प दिसणारा थर जेमतेम ४ मिलिमीटरचा. आणखी जवळ जाऊन वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी आणलीस, म्हणजे १:१, तर तो थर पाऊण मिलिमीटरही उरत नाही. तिरक्या कोनातून पुढच्या दिव्यापासून मागच्या बंपरपर्यंत तुझी गाडी ६ सेंटिमीटर खोल आहे. ४ मिलिमीटरच्या पट्टीत ती कशी मावणार?

एफ २२ ला थर सेंटिमीटरभर होतो, पण इतक्या बारीक भोकातून जाताना उजेड कडेला पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा छोटा डाग होतो. यालाच डिफ्रॅक्शन म्हणतात. शिवाय जवळून काढताना अपर्चर प्रत्यक्षात आकड्यापेक्षा बारीक काम करतं. एक तृतीयांश मोठेपणाला एफ २२ हे एफ २९ सारखं वागतं, १:१ ला एफ ४४ सारखं. लेन्सचा दोष नाही, उजेडाचा स्वभावच तो. एफ ८ ते एफ ११ च्या पुढे जाऊ नकोस.

मग काय करायचं? सोपी वाट म्हणजे गाडीची बाजू सेन्सरला समांतर ठेव. दोन्ही चाकं, दारं, दिवे एकाच प्रतलात येतात आणि चार-पाच मिलिमीटरचा थर पुरतो. पण तुला तिरकाच फोटो हवा आहे, आणि तो हवा असणं बरोबरच आहे, गाडीचा रुबाब त्याच कोनात आहे. त्यासाठी फोकस स्टॅकिंग कर. ट्रायपॉडवर कॅमेरा, एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरवून कायम, ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझर बंद. पुढच्या बंपरवर फोकस घेऊन पहिला फोटो, मग फोकसची रिंग केसभर फिरवून दुसरा, असं मागच्या बंपरपर्यंत. थर एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत, म्हणून पाऊल अडीच ते तीन मिलिमीटरचं धर. वीस-पंचवीस फोटो होतील. ते हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरने एकत्र करता येतात. मध्ये एकही थर सुटला तर तयार फोटोत गाडीच्या अंगावर धूसर पट्टा राहतो आणि पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं, म्हणून घाई नको.

इथे तुझं स्टेशन येतं. ट्रान्सहार्बरची लोकल गेली की इमारत किंचित थरथरते. आपल्याला पायाखाली जाणवत नाही, पण मॅक्रोत दिसतं. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर सोड, पंखा बंद ठेव, आणि लोकल जाईपर्यंत थांब. सकाळी पहिल्या लोकलच्या आधी काढता आलं तर उत्तमच. काकांकडे फ्लॅश असेल तर तो ट्रेसिंग पेपरमागून अगदी कमी पॉवरवर वापर आणि खोलीत अंधार ठेव. कमी पॉवरला फ्लॅशची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते, तेवढ्यात थरथर पकडलीच जात नाही.

उजेडाबद्दल तू विचारलं नाहीस, पण गाडी म्हटली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. खऱ्या गाडीचा स्टुडिओत फोटो काढतात तेव्हा तिच्या डोक्यावर गाडीहून लांब पांढरं छत टांगतात. बॉनेटपासून डिकीपर्यंत जी एक सलग उजळ रेघ दिसते, ती त्या छताचं प्रतिबिंब असते. तू ए-थ्री ट्रेसिंग पेपर गाडीवर कमानीसारखा वाकव, १५ सेंटिमीटर उंचीवर, आणि वर अभ्यासाचा टेबललॅम्प धर. लॅम्प मधोमध नको, थोडा मागे सरकव. रेघ मागे उजळ होईल आणि पुढे हळूहळू विरत जाईल. ती विरत जाणारी रेघ दिसली की टपाच्या पत्र्याची गोलाई कळते.

कॅमेऱ्याची उंचीही मोजून ठरव. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १६० सेंटिमीटरवर धर. त्याला ६४ ने भागलं की अडीच सेंटिमीटर. तुझ्या गाडीच्या रस्त्यावर उभ्या माणसाला गाडी जशी दिसेल, तशी ती अडीच सेंटिमीटरवरून दिसते. त्याच हिशेबाने टपावरचा १ मिलिमीटरचा कण म्हणजे जवळजवळ साडेसहा सेंटिमीटरचा दगड. म्हणून आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. तोंडाने फुंकू नकोस, थुंकीचे शिंतोडे उडतात आणि मोठ्या फोटोत ते पावसाच्या थेंबांसारखे दिसतात.

एक लक्षात असू दे, की १:६४ हे माप या गाड्यांत काटेकोर नसतं. मॅचबॉक्सच्या गाड्या १९५३ साली इंग्लंडमध्ये निघाल्या, त्यांचं नावच काडेपेटीवरून आलं. ठरलेल्या खोक्यात मावायचं, म्हणून लहान मोटार आणि मोठा ट्रक दोन्ही एकाच लांबीचे बनत. दोन गाड्या शेजारी उभ्या करताना चाकं आणि दारांची उंची जुळतेय का ते पाहा. जुळत नसेल तर एक पुढे, एक मागे ठेव, फरक लपतो.

प्रश्न : आईची पितळी भातुकली आहे, १९५० च्या सुमाराची. बंब, शेगडी, कढई, जातं, सगळं. कढईत माझाच चेहरा, खिडकीचं ग्रिल आणि फोन दिसतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून पोलरायझर फिल्टर घेतला, काही फरक पडला नाही. (चरई, ठाणे)

उत्तर : पोलरायझर परत करता आला तर करा. काच, पाणी, प्लॅस्टिक, रंगवलेला पृष्ठभाग यांवरची चकाकी तो कमी करतो. उघड्या धातूवर त्याचं काही चालत नाही.

पितळेला आपण दिसायला काय देतो, तेच ते दाखवतं. तेव्हा त्याला ग्रिल दिसू न देता पांढरं दाखवा. दुधी रंगाच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्याचा तळ कापा, डबा भातुकलीवर घाला, बाजूला लेन्सपुरतं भोक पाडा आणि बाहेरून दोन्ही बाजूंनी दिवे लावा. ग्रिल नाहीसं होईल. पण एवढ्यावर थांबलात तर कढईच्या कडाही पांढऱ्यात विरून जातील. म्हणून डब्याच्या आत, डावी-उजवीकडे, काळ्या कार्डपेपरच्या दोन बोटं रुंद पट्ट्या चिकटवा. त्यांचं प्रतिबिंब कढईच्या कडेला बारीक काळी रेघ होऊन येतं आणि घाट उठून दिसतो. आम्ही चांदीची भांडी अशीच काढतो. लेन्सचा एक काळा ठिपका तरीही दिसेल. भांडं थोडं फिरवून तो कडीच्या मागे न्या.

दिवे एकाच रंगाचे घ्या. एक पिवळा आणि एक पांढरा असे लावलेत तर पितळ अर्धं सोनेरी आणि अर्धं हिरवट दिसतं.

आणि काकू, तुमचं वय पत्रावरून ओळखून तुम्हाला काकू म्हणते आहे, फोटोच्या आदल्या दिवशी चिंच किंवा पितांबरी लावून सगळं लख्ख करू नका. शेगडीच्या जाळीवरची काजळी, जात्याच्या खुंट्याला हात लागून लागून आलेली झिलई, हे आधी टिपा. घासायचं तर नंतर घासा. कढईत काही मांडायचं असेल तर तांदूळ नकोत. त्या मापात तांदळाचा दाणा शेवग्याच्या शेंगेच्या तुकड्याएवढा दिसतो. खसखस घाला, ती भात वाटते. राजगिऱ्याचे साबुदाणे होतात.

प्रश्न : एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. (वाशी)

उत्तर : आपल्याकडे वीज ५० सायकलची, म्हणून साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, फोनवर प्रो मोडमधून. पट्टे तरीही राहिले तर दिवा बदला.

प्रश्न : पावसाळ्यानंतर माझ्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय. (नेरुळ)

उत्तर : बुरशी आहे. माझी पहिली मॅक्रो लेन्स अशीच गेली. मी ती चामड्याच्या पाकिटात, कपड्यांच्या कपाटात, जून ते सप्टेंबर ठेवली होती. चामडं ओल धरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि ती लेन्स पहिल्या वर्षाच्या कमाईतून घेतलेली होती. तुमची ताबडतोब दुरुस्तीला द्या, काचेवरचा थर खाल्ला जाण्याआधी साफ होऊ शकते. तोवर इतर लेन्सपासून वेगळी ठेवा. पुढच्या पावसाळ्यात हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं.

प्रश्न : मुलीच्या कापडी बाहुलीचे फोटो काढायला बसले की ती सहा वर्षांची मुलगी सारखी मध्ये हात घालते. (कोपरी, ठाणे)

उत्तर : तिला थर्मोकोल धरायला द्या. पुढे-मागे करायला सांगा आणि बाहुलीचा गाल कधी उजळतो ते तिलाच ओळखू द्या. आणि एक फोटो तिच्या हातासकट मुद्दाम काढा, बाहुलीच्या पाठीमागे तिची बोटं असतील असा. बाहुली केवढी होती ते त्यात पट्टीशिवाय कळतं, आणि तिची बोटं केवढी होती तेही.